लिनक्सवर लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड चालू करताना क्रम चुकवू नका

"ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी पडली." नाहीतर "ड्रायव्हर टाकला, सगळं ओके दाखवतंय, पण ब्लेंडर (थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर) अजून प्रोसेसरवरच रेंडर करतंय." बेळगाव, खानापूर, निपाणीकडून हे दोनच प्रश्न फिरून फिरून येतात. इंजिनिअरिंगची पोरं मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टसाठी विचारतात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले पॅटर्न आणि डाय डिझाइन करणारे विचारतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे विचारतात, गणपती मंडळाच्या डेकोरेशनचं थ्रीडी आधी करून दाखवणारे विचारतात. बहुतेक वेळा कार्डात काही बिघाड नसतो, ड्रायव्हरातही नसतो. आधी करायचं ते मागून केलेलं असतं, आणि मधली एखादी पायरी कुणीतरी व्हिडिओत उडवलेली असते.

खालचं सगळं उबुंटू २४.०४ आणि लिनक्स मिंट २२ धरून लिहिलंय (मिंट २२ त्याच उबुंटूवर उभं आहे, त्यामुळे फरक फार नाही), आणि इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरबरोबर एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असलेला लॅपटॉप धरलाय. फेडोरा आणि एएमडी कार्डवाल्यांसाठी जिथल्या तिथे सांगतो.

कमांड देवनागरीतच लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, जिथे डॅश दिसतो तिथे डॅश, जिथे जागा सोडलीय तिथे स्पेस. मोठं अक्षर लागतं तिथे वेगळं सांगितलंय.

## टप्पा १: मशीनमध्ये नेमकं काय आहे ते बघा

डब्यावरचं स्टिकर बघून ठरवू नका, सेकंडहँड लॅपटॉप असेल तर अजिबातच नको. टर्मिनल उघडा आणि "एलएसपीसीआय -के" मारा. लांबलचक यादी येईल, त्यात दोन नोंदी शोधायच्या. एक "व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर", ती बहुतेक इंटेल नाहीतर एएमडीची, म्हणजे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. दुसरी एनव्हीडियाची, आणि ती पुष्कळ लॅपटॉपांत "थ्रीडी कंट्रोलर" नावाने असते. लोक फक्त व्हीजीए शोधतात, एकच ओळ दिसते आणि "कार्डच नाही, दुकानदाराने फसवलं" म्हणून भांडायला निघतात. थ्रीडी पण शोधा की आधी.

एनव्हीडियाच्या नोंदीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असते. नवीन इन्स्टॉलवर तिथे "नूवो" असेल. नूवो म्हणजे कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, येणारा ओपन ड्रायव्हर. त्यावर डेस्कटॉप दिसतो, काम भागतं, पण क्यूडा (कार्डावर गणिती काम करून घ्यायची एनव्हीडियाची सोय) नाही, आणि बऱ्याच कार्डांचा वेग तो सगळ्यात खालच्या पायरीवरून वर नेऊच शकत नाही.

आता कार्डाचं मॉडेल लिहून ठेवा, ड्रायव्हर कुठला चालणार ते त्यावर ठरतं:

- ८२०एम वगैरे फर्मी पिढीतली जुनी कार्डं: ३९० नंबरचा ड्रायव्हर लागायचा, त्याचा सपोर्ट एनव्हीडियाने कधीच बंद केलाय. नूवोवर भागवा, ड्रायव्हरच्या नादाला लागू नका, तुमचा वेळ त्या कार्डापेक्षा महाग आहे.
- केप्लर पिढी, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मधली बरीचशी: ४७० पर्यंतच.
- ९४०एमएक्स, एमएक्स१५०, एमएक्स२५०, जीटीएक्स १०५० (मॅक्सवेल आणि पास्कल): ५८० पर्यंत. त्याच्या पुढचे ड्रायव्हर यांना ओळखत नाहीत. आपल्याकडे सेकंडहँडमध्ये हीच कार्डं जास्त फिरतात म्हणून हे ध्यानात ठेवा.
- जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स २०, ३०, ४०: नवीन कुठलाही चालतो, शेवटी "ओपन" लिहिलेला पण आणि साधा पण.
- आरटीएक्स ५०: फक्त "ओपन" लिहिलेलाच. साधा टाकला तर कार्ड उठणारच नाही.

तपासा: एनव्हीडियाची नोंदच यादीत नाही? मग ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. काही गेमिंग लॅपटॉपांत विंडोजमधल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवायचा मोड असतो, तो वेगळं कार्ड मुळातूनच बंद करतो आणि लिनक्समध्ये आलात तरी ते बंदच राहतं. विंडोजमध्ये जाऊन तो मोड काढा, नाहीतर बायोसमध्ये ग्राफिक्सचा पर्याय बघा, आणि मगच पुढे चला.

## टप्पा २: तयारी (हाच टप्पा सगळे उडवतात)

ड्रायव्हर टाकायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो बिघडलं की परत यायची वाट नसल्यामुळे. म्हणून आधी वाट करून ठेवायची.

लाईट आणि नेट. बॅटरी भरलेली पाहिजे आणि चार्जर लावलेला पाहिजे, दोन्ही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) बांधायचं काम अर्धं झालेलं असताना मशीन बंद पडलं तर पॅकेजं अर्धवट लटकतात. डाउनलोड काही शे एमबीचं असतं. वायफाय राउटर लाईटबरोबर जातो, मोबाईलचा हॉटस्पॉट टिकतो, त्यामुळे डेटा पॅक शिल्लक आहे का बघून बसा.

बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) किल्ली. विंडोज बाजूला ठेवून ड्युअल बूट करणाऱ्यांनो, हे सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज ११ चे पुष्कळ लॅपटॉप मालकाला न विचारता डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवतात. तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) बदललात की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आणि ते अकाउंट लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने कुठल्यातरी ईमेलवर उघडलेलं असतं. आधी लॉगिन करून की बघा, कागदावर लिहा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारेही बघितलेत, तसं करू नका.

सिस्टम अपडेट आणि मग रीस्टार्ट. "सुडो एपीटी अपडेट", मग "सुडो एपीटी फुल-अपग्रेड", आणि त्यानंतर मशीन एकदा रीस्टार्ट. हा रीस्टार्ट लोक वाचवतात. अपडेटमध्ये नवीन कर्नल आलेला असतो, तुम्ही अजून जुन्या कर्नलवर चालत असता, ड्रायव्हर बसतो, मग रीस्टार्ट केल्यावर नवा कर्नल उठतो, आणि मॉड्यूल नक्की कुठल्या कर्नलसाठी बांधलं गेलं याचा घोळ शोधत बसावं लागतं. आधीच रीस्टार्ट केला की हा विषयच येत नाही.

टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर परत यायला सिस्टमची आत्ताची प्रत. मिंटमध्ये आधीपासून असतं, उबुंटूत "सुडो एपीटी इन्स्टॉल टाइमशिफ्ट". पहिला स्नॅपशॉट चांगलीच जागा खातो, डिस्क गच्च भरलेली असेल तर आधी मोकळी करा. शिवाय ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं तो पुसू नका, जवळ ठेवा.

जुन्या प्रयत्नांचा कचरा काढा. आधी कुणीतरी एनव्हीडियाच्या साइटवरून ".रन" फाइल घेऊन टाकली असेल तर "सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल" मारून ती काढा. आणि एपीटीतून (उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) टाकलेले अर्धेमुर्धे ड्रायव्हर असतील तर "सुडो एपीटी पर्ज '*एनव्हीडिया*'". चांदण्या आणि साधी अवतरणचिन्हं दोन्ही लागतात. पण वाय दाबायच्या आधी काय काय निघणार ती यादी वाचा, तिच्यात डेस्कटॉपचं पॅकेज दिसलं तर थांबा.

तपासा: "युनेम -आर" मारून कुठला कर्नल चालू आहे ते लिहून ठेवा. आणि एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून ग्रबचा (कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) मेनू आणून बघा, सुरू होताना एस्केप दाबून (काही मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते). काळी स्क्रीन आल्यावर पहिल्यांदा ती की शोधणं हे फार वाईट.

## टप्पा ३: सिक्युअर बूटचं आधी ठरवा

"मोकयूटिल --एसबी-स्टेट" मारा. एनेबल्ड किंवा डिसेबल्ड असं उत्तर येईल.

डिसेबल्ड असेल तर हा टप्पा आणि टप्पा ५ सोडा. एनेबल्ड असेल तर कर्नल सही नसलेलं कुठलंही मॉड्यूल आत घेत नाही, आणि तुमच्या मशीनवर बांधलेल्या ड्रायव्हरवर तुमच्याच मशीनची सही असते जी बायोसला अजून माहीत नाही. ती ओळख करून द्यायची पायरी चुकली की ड्रायव्हर बसतो पण चालत नाही, आणि अर्ध्याहून जास्त तक्रारींचं मूळ हेच असतं.

दोन रस्ते आहेत. सिक्युअर बूट चालू ठेवून ओळख करून द्या, नाहीतर बायोसमध्ये जाऊन ते बंद करा. माझं म्हणाल तर चालूच ठेवा, काम पाच मिनिटांचं आहे आणि बिटलॉकरची भानगड होत नाही. मशीनवर फक्त लिनक्स असेल आणि मशीन तुमचंच असेल तर बंद करायलाही हरकत नाही. कॉलेजच्या लॅबचं किंवा ऑफिसचं मशीन असेल तर बायोसला हात लावू नका, ज्याचं आहे त्याला विचारा.

थांबा: ड्रायव्हर टाकल्यावर मधेच हा निर्णय बदलू नका. चालू-बंद, चालू-बंद केलं की नेमकं कुठे अडलं ते कुणालाच कळत नाही.

## टप्पा ४: ड्रायव्हर एकाच ठिकाणाहून टाका

आधी वरच्या पट्टीत कीबोर्ड बघा. आपल्या मशीनवर इंग्रजी, मराठी, कन्नड असे दोन-तीन लेआउट असतातच. इंग्रजी (यूएस) वर आणा आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्या. का ते थोडं पुढे कळेल.

मग "उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस" मारा. तुमच्या कार्डाला चालणारे ड्रायव्हर दिसतील आणि एकापुढे "रेकमेंडेड" लिहिलेलं असेल. टप्पा १ मधल्या यादीशी जुळवून बघा. शेवटी "सर्व्हर" लिहिलेले सोडून द्या, ते लॅपटॉपसाठी नाहीत. "सगळ्यात मोठा नंबर म्हणजे सगळ्यात भारी" हे डोक्यातून काढा, एमएक्स१५० असलेल्याने ५८० च्या वरचा नंबर टाकला तर कार्ड दिसायचंच बंद होईल.

टाकायला "सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल". खिडक्यांतून करायचं असेल तर उबुंटूत "सॉफ्टवेअर अँड अपडेट्स" मधला "ॲडिशनल ड्रायव्हर्स" टॅब, मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर". मी टर्मिनल सुचवतो, कारण सिक्युअर बूटचा प्रश्न तिथे नीट समोर येतो. खिडकीत तो कधी कधी मागे लपतो आणि माणूस "हँग झालं" म्हणून पॉवर बटण दाबतो.

सिक्युअर बूट चालू असेल तर मधे जांभळ्या पार्श्वभूमीवर करडा चौकोन येतो, "कॉन्फिगरिंग सिक्युअर बूट" नावाचा. टॅब दाबून ओकेवर जायचं, एंटर. मग पासवर्ड मागतो, ८ ते १६ अक्षरांचा, दोनदा. हा तुमच्या लॉगिनचा पासवर्ड नाही, एका वेळेपुरता नवा बनवायचा असतो. नुसती लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, चिन्हं नकोत, आणि कागदावर लिहा.

आता ते कीबोर्डचं. इथे टाइप केलेलं चांदण्यांत दिसतं, त्यामुळे लेआउट मराठी किंवा कन्नडवर राहिला असेल तर डोळ्यांना कळतच नाही. दोन्ही वेळा तेच दाबलं म्हणून पासवर्ड जुळला असं मशीन म्हणतं, तुम्ही खूश. पण पुढच्या टप्प्यातल्या निळ्या स्क्रीनला यूएस कीबोर्डशिवाय काही माहीत नाही. तिथे तीच बटणं दाबली तरी वेगळी अक्षरं पडतात, आणि कितीही वेळा टाका, पासवर्ड चूकच.

पासवर्ड मागितलाच नाही तर घाबरू नका. काही कर्नलसाठी उबुंटूकडे आधीच सही केलेलं मॉड्यूल तयार असतं, तेव्हा ही पायरी लागत नाही.

नेहमीच्या चुका:

साइटवरची ".रन" फाइल. विंडोजची सवय म्हणून लोक तिकडेच जातात. ती बसते पण, पण एपीटीला तिचा पत्ता नसतो, पुढच्या कर्नल अपडेटला स्क्रीन जाते आणि साफ करायला दुप्पट वेळ.

क्यूडाचं पॅकेज आधी टाकणं. प्रोजेक्टची पोरं एनव्हीडियाची क्यूडा रिपॉझिटरी जोडतात, ती स्वतःचा ड्रायव्हर ओढून आणते, उबुंटूचा वेगळा असतो, आणि दोघांचं पटत नाही. पायटॉर्चच्या (मशीन लर्निंगची लायब्ररी) तयार पॅकेजमध्ये क्यूडाचा लागणारा भाग आतच असतो, त्याला फक्त चालता ड्रायव्हर पाहिजे. क्यूडाचा कोड स्वतः कंपाइल करायचा असेल तरच टूलकिट, आणि तेही सगळे टप्पे झाल्यावर.

फेडोरावाल्यांनो, तुमचं आरपीएम फ्यूजन मधून "एकेमॉड-एनव्हीडिया". टाकल्या टाकल्या रीस्टार्ट करू नका, मॉड्यूल मागे बांधलं जात असतं. "मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हीडिया" (एफ मोठा) मारल्यावर नंबर आला की मगच रीस्टार्ट. एरर आली तर चहा पिऊन या आणि परत मारा.

तपासा: इन्स्टॉलची कमांड संपून प्रॉम्प्ट परत आला का, शेवटच्या ओळींत एरर शब्द आहे का. एरर असेल तर रीस्टार्ट न करता आधी ती ओळ वाचा.

## टप्पा ५: निळी स्क्रीन, दहा सेकंद

रीस्टार्ट केला की उबुंटू यायच्या आधी निळी स्क्रीन येते, "प्रेस एनी की टू परफॉर्म एमओके मॅनेजमेंट" (एमओके म्हणजे मशीन ओनर की, तुमच्या मशीनची तीच सही). खाली दहापासून उलटे आकडे. या वेळी लॅपटॉपसमोरच बसा. रीस्टार्ट लावून उठून गेलात की संधी गेली, मशीन नेहमीसारखं चालू होतं आणि ड्रायव्हर बंदच राहतो.

कुठलीही की दाबा. मेनू येतो. सगळ्यात वर "कंटिन्यू बूट" निवडलेलं असतं, तिथेच एंटर मारला की ओळख न देताच पुढे जाल, आणि घाईत सगळे तेच करतात. बाणाने खाली "एनरोल एमओके" वर जा, एंटर. मग "कंटिन्यू". मग "एनरोल द की?" असं विचारेल, तिथे "यस". मग कागदावरचा पासवर्ड, इथे टाइप करताना चांदण्यासुद्धा दिसत नाहीत, तरी टाइप करा आणि एंटर. शेवटी "रीबूट". झालं.

संधी गेली असेल तर ड्रायव्हर काढून परत टाकायची गरज नाही. "सुडो अपडेट-सिक्युरबूट-पॉलिसी --एनरोल-की" (सिक्युरबूट एकच शब्द) मारा, नवा पासवर्ड द्या, परत रीस्टार्ट आणि परत ती निळी स्क्रीन.

## टप्पा ६: बसला का, आणि चालतोय का

"एनव्हीडिया-एसएमआय" मारा. चौकटीत कार्डाचं नाव, तापमान, मेमरी दिसली की ड्रायव्हर चालू. वर कोपऱ्यात क्यूडाचा नंबर दिसतो, तो बघून "क्यूडा पण बसलं" समजू नका. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या क्यूडापर्यंत चालेल तेवढंच तो सांगतो.

चौकट न येता "ड्रायव्हरशी बोलता आलं नाही" या अर्थाचा इंग्रजी मेसेज आला तर लगेच पर्ज करायला धावू नका. या क्रमाने बघा:

१. "सुडो मॉडप्रोब एनव्हीडिया". उत्तरात "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" आलं तर सहीचा प्रश्न आहे, टप्पा ५ परत. बाकी कशाला हात लावू नका.

२. "मॉड्यूल नॉट फाउंड" आलं तर मॉड्यूल या कर्नलसाठी बांधलेलंच नाही. "डीकेएमएस स्टेटस" मारा (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारी व्यवस्था) आणि "युनेम -आर" चा नंबर त्यात आहे का बघा. नसेल तर बहुतेक हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नाहीत, "सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-" आणि त्याला जोडूनच "युनेम -आर" चा नंबर टाका, मग ड्रायव्हर परत इन्स्टॉल.

३. वरच्या दोन्हींत काही सापडलं नाही? ग्रबमध्ये आधी कधी "नोमोडसेट" घातलं होतं का आठवा. इन्स्टॉलच्या वेळी स्क्रीन येत नव्हती म्हणून घातलेलं असतं आणि तसंच राहतं. ड्रायव्हर बसल्यावर ते काढायचं असतं.

४. "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" आलं तर काहीच बिघडलेलं नाही, अपडेट झालाय आणि रीस्टार्ट राहिलाय.

## टप्पा ७: काम कार्डाकडे कसं द्यायचं

इथे दुसरा गट अडकतो, ज्यांचं सगळं बसलंय पण कार्ड रिकामं बसलेलं दिसतं. ते तसंच असायला पाहिजे. बहुतेक लॅपटॉपांत समोरची स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेली असते, आणि मोठं कार्ड बोलावलं तरच उठतं. "प्राइम-सिलेक्ट क्वेरी" मारा, "ऑन-डिमांड" उत्तर आलं की ठीक. वेगळं काही आलं तर "सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड" आणि रीस्टार्ट.

कामं दोन प्रकारची असतात आणि ती वेगळी ओळखली की गोंधळ संपतो. क्यूडा वापरणारी (पायटॉर्च, ब्लेंडरचं सायकल्स रेंडर) स्वतःच कार्ड शोधून घेतात, त्यांना वेगळं बोलवावं लागत नाही. पडद्यावर चित्र काढणारी (गेम, ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट, कॅड) मात्र सांगितल्याशिवाय मोठ्या कार्डाकडे जात नाहीत. त्यांच्यासाठी आयकॉनवर राइट क्लिक करा, "लाँच युजिंग डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड" असा पर्याय असतो. टर्मिनलमधून असेल तर "स्विचेरूसीटीएल लाँच" आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव. चाललं का बघायला "सुडो एपीटी इन्स्टॉल मेसा-युटिल्स" करून "स्विचेरूसीटीएल लाँच जीएलएक्सइन्फो -बी" (बी मोठा) मारा, "रेंडरर" ओळीत एनव्हीडिया दिसलं पाहिजे. तेच स्विचेरू न लावता मारलं की इंटेल किंवा एएमडी दिसेल. दोन्ही बरोबर.

ब्लेंडरचं खास सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. सेटिंग दोन ठिकाणी आहे. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टममध्ये जाऊन क्यूडा किंवा ऑप्टिक्स निवडा आणि खाली कार्डाच्या नावापुढे टिक करा. मग त्या फाइलच्या रेंडर प्रॉपर्टीजमध्ये इंजिन सायकल्स आणि डिव्हाइस "जीपीयू कॉम्प्युट". दुसरं प्रत्येक फाइलमागे वेगळं असतं, म्हणून कालच्या फाइलला चाललं आणि आज मित्राने पाठवलेली मंडपाची फाइल प्रोसेसरवर गेली असं होतं.

पायटॉर्चवाल्यांनी "टॉर्च.क्यूडा.इज_अव्हेलेबल()" ला ट्रू येतं का बघा. एनव्हीडिया-एसएमआय नीट चालतंय आणि इथे फॉल्स येतंय तर बहुतेक वेळा फक्त सीपीयूची आवृत्ती इन्स्टॉल झालेली असते. ड्रायव्हरला हात लावू नका.

थांबा: बॅटरी वाचते म्हणून काही जण प्राइम-सिलेक्ट "इंटेल" वर ठेवतात, म्हणजे कार्ड पूर्ण बंद. पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट मोठ्या कार्डालाच जोडलेला असतो. मग व्हायवाच्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर लागत नाही आणि वायरवर आळ येतो. बाहेर दाखवायचं काम असेल तर आदल्या दिवशी ऑन-डिमांडवर आणून टीव्हीला लावून बघा.

## टप्पा ८: काम नसताना कार्ड झोपतंय का

जीटीएक्स १६५० आणि त्यापुढच्या कार्डांना काम नसेल तेव्हा पूर्ण झोपता येतं. ते बघायला एनव्हीडिया-एसएमआय वापरू नका, ती कमांडच कार्डाला उठवते, आणि दर सेकंदाला चालवत ठेवली तर कार्ड कधीच झोपणार नाही. काही जण ती पट्टीत विजेट म्हणून लावतात आणि बॅटरी दोन तासात संपते म्हणून लिनक्सला शिव्या घालतात. त्याऐवजी "कॅट /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/" च्या पुढे कार्डाचा पत्ता आणि मग "/पॉवर/रनटाइम_स्टेटस". पत्ता एलएसपीसीआयच्या ओळीच्या सुरुवातीला असतो, उदाहरणार्थ ०१:००.०, त्याच्या आधी चार शून्यं आणि एक कोलन जोडायचं. उत्तर "सस्पेंडेड" आलं की कार्ड झोपलंय. "ॲक्टिव्ह" येत असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडलाय का ते आधी बघा.

## स्क्रीन काळी पडली तर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, तिथूनच पर्जची कमांड (टप्पा २ मधली) मारून रीस्टार्ट करा, नूवोवर परत याल.

तेही नाही आलं तर ग्रबमध्ये "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स". कर्नल अपडेटनंतर बिघडलं असेल तर आधीचा कर्नल निवडा, तो चालला की अर्धं काम झालं. नाहीतर रिकव्हरी मोड, त्यात "रूट". डिस्क तिथे फक्त वाचायला उघडलेली असू शकते म्हणून आधी "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" आणि मग पर्ज, इथे सुडो लागत नाही. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट असेल तर "टाइमशिफ्ट --रिस्टोर" पण इथूनच चालतं. आणि यातलं काही न करता थेट फॉरमॅट मारणारे आहेत, त्यांना काय सांगायचं.

## एएमडीचं वेगळं कार्ड असेल तर

ड्रायव्हर टाकूच नका. एएमडीजीपीयू कर्नलमध्येच असतो, बाकीचं मेसामध्ये (लिनक्सबरोबर येणारा ओपन ग्राफिक्स संच). साइटवरून एएमडीचं वेगळं पॅकेज आणून टाकलं की चांगलं चालणारं बिघडतं. टप्पा १ करा, सिस्टम अपडेट ठेवा आणि टप्पा ७ मधलं राइट क्लिक किंवा स्विचेरूसीटीएल वापरा, बस. ब्लेंडरमध्ये क्यूडाच्या जागी "हिप" निवडायचं, पण त्याला एएमडीच्या काही वेगळ्या लायब्ररी लागतात आणि सगळी जुनी कार्डं त्यात चालत नाहीत.

## पुढे अपडेट आले की

कर्नल अपडेट झाल्यावर डीकेएमएस नव्या कर्नलसाठी मॉड्यूल परत बांधतं, त्यात अपडेटला थोडा जास्त वेळ लागतो, मधे टर्मिनल बंद करू नका. अपडेट संपल्यावर "डीकेएमएस स्टेटस" मध्ये नवा नंबर आला का बघा आणि मग रीस्टार्ट. आधीचा एक कर्नल राहू द्या, जागा पाहिजे म्हणून सगळे जुने उडवू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री किंवा लग्नाचा व्हिडिओ द्यायच्या दिवशी अपडेट मारू नका, रविवारी निवांत मारा.

फ्लॅटपॅकमधून (ॲप टाकायची एपीटीपेक्षा वेगळी पद्धत) टाकलेली ॲप असतील तर त्यांच्याकडे ड्रायव्हरची स्वतःची वेगळी प्रत असते आणि तिचा नंबर सिस्टमच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावा लागतो. ड्रायव्हर अपडेट झाला, एनव्हीडिया-एसएमआय व्यवस्थित, पण फ्लॅटपॅकचं ब्लेंडर कार्ड दाखवत नाही असं झालं तर "फ्लॅटपॅक अपडेट" मारा आणि ॲप बंद करून परत उघडा.